नळीतला पेळू

गुलाबराव ढगे मास्तरांनी आयुष्यात एकच बंदूक बाद केली, आणि तीही कापसाने.

सत्तावन सालचा जानेवारी होता. नागपूरबाहेरच्या चांदमारीवर लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या स्पर्धा चालल्या होत्या. वाऱ्याने अशी धूळ उठवली होती की तीनशे यार्डांवरची निशाणं मधूनच दिसत आणि मधूनच संन्यास घेत. मास्तर हिंगणघाट नेमबाजी मंडळाचे चिटणीस. अंगात खादीचा सदरा, खादीचंच धोतर, खांद्याला पिशवी आणि पिशवीत टकळी व पिंजलेल्या कापसाच्या वळलेल्या पेळूंची पुडी. बंदुकांच्या मंडळाचा चिटणीस रोजचं सूत कातल्याशिवाय जेवत नाही, हे दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला विपरीत वाटलं असतं. वर्धा जिल्ह्यात अशा गोष्टी एकाच खुंटीवर टांगलेल्या असत आणि कुणाला त्यात गंमत वाटत नसे.

मंडळातर्फे निशाण मारायला आला होता श्रावण थूल. त्याने सकाळीच नळी तेलाच्या चिंधीने लख्ख केली, बंदूक गोणपाटावर ठेवली आणि "जरा पाह्यजा हिच्याकडं" म्हणून तो तंबूमागे खोकायला गेला. मास्तर पाहत बसले. धुळीचा एक लोट आला, दुसरा आला. इतक्या मेहनतीने पुसलेली नळी, तिच्यात ही माती जाणार! हिंगणघाटच्या माणसाला अशा वेळी एकच उपाय सुचतो. थंडी वाजली की कानात कापूस, अत्तराच्या कुपीला कापूस, औषधाच्या बाटलीचं बूच हरवलं की कापूस, दाढ दुखली की लवंगतेलाचा कापूस. मास्तरांनी पुडीतून एक पेळू काढला, अर्धा तोडला, नळीच्या तोंडात घातला आणि टाकाच्या दांड्याने असा आत सारला की बाहेरून कापसाचा एक तंतू दिसू नये. मग उरलेला अर्धा वाया जाऊ नये म्हणून टकळी काढून सूत कातायला बसले. धागा सुरेख लागला. इतका सुरेख लागला की श्रावण कधी परतला, नावाचा पुकारा कधी झाला, बंदूक घेऊन तो कधी पोटावर झोपला, याचा त्यांना पत्ताच लागला नाही.

बार झाला. पण बार झाल्यासारखा झाला नाही. कुणी ओल्या पोत्यावर सोटा हाणावा तसा आवाज आला. मास्तरांचा धागा तुटला.

उंदीर गिळलेल्या धामणीसारखी नळी तोंडाजवळ फुगली होती. पंच धावत आले. त्यांच्यातल्या एका मिशीवाल्याने करपलेलं काहीतरी चिमटीत धरून नाकाशी नेलं आणि विचारलं, "ये क्या है?"

"पेळू," मास्तर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना येत नसे. "स्वतः पिंजलेला आहे."

श्रावणची ती पहिलीच गोळी होती. बाकीच्या पट्ट्यातच राहिल्या, कारण फुगलेल्या नळीतून दुसरी गोळी मारू द्यायला पंच काही त्याचे वैरी नव्हते, आणि दुसरी बंदूक मंडळाकडे नव्हती. हीसुद्धा एका निवृत्त जंगलसाहेबांकडून मागून आणलेली. (साहेब मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी ती तशीच दिवाणखान्यात टांगली आणि पुढे पाहुण्यांना वाघाने चावलेली म्हणून दाखवायला सुरुवात केली.)

परतीच्या गाडीत श्रावण बोलेना. बुटीबोरी गेलं. मास्तरांनी पेरू पुढे केला. तो त्याने घेतला आणि खाल्ला. सिंदी गेल्यावर त्याने खिडकीबाहेर बी थुंकली आणि म्हणाला, "नळीतून उजेड पाह्यल्याबिगर गोळी भरू नाई, हे मले पल्टनीत सार्जंटनं बुटाच्या लाथेनं शिकवलतं. आज मी पाह्यलं नाई. अन् तुमी कापूस कोंबला. दोघं मिळून एक पुरं गाढव झालं, मास्तर."

"श्रावणजी, मी..."

"तुमी मागचा भाग. मुंडकं माह्याकडं. चला, वर्धा आलं, गाडी बदला."

तेवढ्यावर त्याने तो विषय मिटवला. मास्तरांच्या मनात मात्र तो मिटला नाही, आणि त्याला कारण होतं.

श्रावण थूल हा बोलघेवडा, भांडकुदळ आणि थापाड्या माणूस होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आजारी माणसाबद्दल लिहिताना लेखणी त्याला उगाच संत करू पाहते. महार पलटणीतून तो लढाईत ब्रह्मदेशात गेला होता. तिथे एका जपानी अधिकाऱ्याच्या डोक्यावरची टोपी त्याने म्हणे डोक्याला धक्का न लावता उडवली. ते अंतर आधी तीनशे यार्ड होतं. पण दर पोळ्याला ते शंभर यार्डांनी वाढत असे, आणि छप्पन सालापर्यंत तो जपानी अधिकारी जवळजवळ पलीकडच्या देशात जाऊन पोचला होता. ताडमाड उंची, गुडघ्याला लागतील की काय असे लांब हात, आणि आवाज असा की जिनिंगच्या खोलीत कापसातली सरकी काढणारे रेचे चालू असतानाही त्याची शिवी दारापर्यंत ऐकू जावी.

पलटण सुटल्यावर तो हिंगणघाटच्या एका जिनिंगात लागला. रेच्यापुढे कापूस सारायचा. सरकी खाली, रुई पुढे, आणि जे या दोन्हींत मोडत नाही ते हवेत. हंगामात त्या खोलीतून माणसं बाहेर पडली की भुवया, मिशा, कानातले केस सगळं पांढरं. पोरं त्यांना 'म्हातारे आले' म्हणून चिडवत. बाहेरचं झटकलं की जात होतं. आतलं झटकायची सोय नव्हती.

मंडळात तो आला त्याची हकीकत अशी. जिल्ह्याच्या कुण्या मोठ्या अधिकाऱ्याने भाषणात सांगितलं की देश स्वतंत्र झाला, आता प्रत्येक तालुक्यात नेमबाजीचं मंडळ हवं. हेडमास्तरांनी सभोवार पाहिलं आणि ज्याला नाही म्हणता येत नाही अशा एकमेव शिक्षकाला चिटणीस केलं. गुलाबराव ढगे यांनी दोन वकील, एक कापसाचा दलाल आणि एक होमिओपॅथ जमवले. पहिल्या दिवशी वेणा नदीच्या काठी मातीचा बांध पाहून सगळे जमले, निशाण लावलं, आणि दुपारपर्यंत त्यांतल्या कुणाला मागून आणलेल्या बंदुकीचा खटका उघडता आला नाही. दलालाला आठवलं की आपल्या ओळखीच्या जिनिंगात एक फौजी आहे. फौजी आला. त्याने खटका उघडला, पाच सभासदांना पाच निरनिराळ्या शिव्या दिल्या आणि मग निशाणावर पाच गोळ्या मारल्या. पैकी दोन बांधावरच्या बोरीला लागल्या.

"वारा होता," तो म्हणाला.

पानही हलत नव्हतं. पण उरलेल्या तीन अशा लागल्या होत्या की वर रुपया ठेवला तर तिन्ही झाकल्या असत्या. होमिओपॅथांनी तिथल्या तिथे ठरवलं की नागपूरला जायचं तर यानेच जायचं.

त्या दिवसापासून श्रावणने मास्तरांना शेजारी झोपवलं. मास्तरांकडे दुर्बीण, गोळी कुठे लागली ते सांगायचं. वर्षभर दोघे वेणेच्या काठी असे शेजारी शेजारी पालथे पडत. एक खादीत, एक पलटणीच्या विटक्या खाकीत. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया म्हणत, "पाय वं, मास्तर अन् थूल पुन्हा मेले."

आणि आता नागपूरची संधी गेली. पुढच्या जानेवारीला स्पर्धा पुन्हा होणार होत्या. पण मास्तरांना लवकरच जे कळलं ते असं, की श्रावणची छाती पुढच्या जानेवारीची वाट पाहणार नव्हती.

खोकला हिंगणघाटात कुणाला नाही? हंगाम लागला की खोकला येतो, हंगाम सरला की जातो. पावसाळ्याइतकं ते ठरलेलं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती जास्त धरते हेही सगळ्यांना ठाऊक. पण त्या साली हंगाम सरला, होळी झाली, आंब्याला कैऱ्या लागल्या, आणि श्रावणचा खोकला काही गेला नाही. जिना चढला की तो मध्येच थांबून भिंतीवरच्या जाहिराती वाचू लागे. त्याला वाचता येत नव्हतं.

मास्तर त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकली, जिनिंगात किती वर्षं म्हणून विचारलं, आणि काम सोडा, हवा बदला, डोंगरावर जा असं सांगितलं.

"हिंगणघाटात डोंगर म्हंजे सरकीचा ढीग," श्रावण म्हणाला. "त्याच्यावर बसू का?"

त्याला शर्ट घालायला पाठवून डॉक्टरांनी मास्तरांना थांबवून घेतलं. छातीत आता श्वासाला जागा राहिलेली नाही, म्हणाले. थंडी या माणसाला जड जाईल. फार जड.

मास्तर बाहेर आले तेव्हा श्रावण दवाखान्याच्या पायरीवर बसून एका बकरीला शिव्या देत होता. "काय म्हणे डॉक्टर?"

ज्यांना खोटं बोलणं येत नसे ते गुलाबराव ढगे म्हणाले, "म्हणाले, थंडीपर्यंत ठणठणीत होतील."

"हां?" श्रावणने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठता उठता म्हणाला, "चांगला डॉक्टर हाये."

घरी धुरपता वाटच पाहत होती. श्रावणची बायको. नवरा जितका लांब तितकी ही आखूड, आणि जिभेने दोघे सारखे. तिने मास्तरांना चहा दिला आणि नवरा आत गेल्याचं पाहून दाराच्या चौकटीला टेकली.

"आंधीचे दिवस असते मास्तर, तं मरीमायले कोंबडं बोलली असती. बुवा-भगताकडं गेली असती. आता दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा बोललो दोघंबी, देव सारे पाटीत घालून नदीत सोडले. घर साफ झालं हो, पन अशा वक्ती नवस बोलाले कोनी उरलं नाई. तुमाले बोलू का नवस?"

"मला?"

"मंग कोनाले? त्याच्या डोक्यात त्या बंदुकीबिगर दुसरं काई नाई. रात्रीचा निजेत बोट हालवते, अस्सं. मायी सवत हाये ते." तिने मास्तरांकडे रोखून पाहिलं. "तुमी मोडली नं? मंग तुमीच आनून द्या."

हा नवस मास्तरांनी खरोखरच मानला. मंडळाची स्वतःची, पहिली, लांब पल्ल्याची बंदूक यायची आणि जानेवारीत श्रावण थूलने ती घेऊन नागपूरच्या मैदानावर झोपायचं. पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत. डॉक्टरांचं म्हणणं डॉक्टरांपाशी. ज्या मास्तरांनी हेडमास्तरांकडे कधी रजा मागितली नव्हती, ते उन्हाळाभर वर्गणीसाठी वकिलांच्या, दलालांच्या आणि परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढले. परवाना मिळाला, पण मंडळाला एकाच बंदुकीचा. तेव्हा जी घ्यायची ती विचार करून घ्या, असं कचेरीतल्या मोठ्या बाबूने बजावलं. कोणती घ्यायची ते श्रावणने ठरवायचं, यावर मंडळात कुणाचं दुमत झालं नाही. कुणाला दुसरं मतच नव्हतं.

तोवर सराव हवा म्हणून धाकट्या वकिलाच्या मुलाची छऱ्याची बंदूक मागून आणली होती. श्रावणच्या घरामागे, परसात, आगपेटीच्या खोक्यांवर. तीनशे यार्डांचा फौजी आगपेटीवर छरे मारतोय हे पाहून शेजारची सुमित्राबाई रोज विचारी, "आज किती आगपेट्या मारल्या जी?" पोटावर झोपलं की श्रावणला श्वास येईना. तो दोन छरे मारी, उठून भिंतीला टेके, आणि म्हणे, "मी दम घेतो, तवर तुमी मारा. बंदूक थंडी पडू देऊ नोका."

छऱ्याची बंदूक तापते आणि थंड होते हे मास्तरांना नवीन होतं. पण फौजी माणूस सांगतोय म्हणून ते मारत. आधी डोळे मिटून मारत. श्रावणने पाठीत एक बुक्की घातल्यावर उघडे ठेवून मारू लागले. टकळीवर धागा ओढताना हात कापला की धागा तुटतो, म्हणून त्यांचा हात वीस वर्षांत कापायचा विसरला होता. पावसाळा संपेतो आगपेट्या फुटू लागल्या.

"आंधळ्याले घबाड सापडलं," श्रावण भिंतीपाशी बसून म्हणे. मग खोकत राही. उबळ आली की दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरी आणि मान खाली घाली. धुरपता आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्याजवळ ठेवून जाई, बोलत नसे. ती बोलत नाही याचीच मास्तरांना जास्त भीती वाटे.

दसरा झाल्यावर एका सकाळी दोघे नागपूरला गेले. सदर बाजारात एका म्हाताऱ्या बोहरी शेठचं बंदुकांचं दुकान होतं. शेठची दाढी रुईसारखी पांढरी आणि बोलणं अत्तराच्या दुकानात शोभेल असं मऊ. त्यांनी परवाना वाचला, श्रावणकडे खालून वर पाहिलं, आणि कपाटातून एकेक बंदूक काढून दरीवर मांडली.

श्रावणने प्रत्येक उचलली, खटका उघडला आणि नळीतून दाराच्या उजेडाकडे पाहिलं. एकीत पाहून म्हणाला, "हिच्यात पावसाळा साचला." दुसरीचा चाप ओढून म्हणाला, "हा चाप हाये का बैलाचं जू?" असं करत शेवटी दोनच राहिल्या. दोघींच्या नळ्या जाड, जड आणि आतून आरशासारख्या. लांबच्या निशाणाला लागते तशी वरची खूणपट्टी दोघींना होती. फरक खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्यात होता. एकीचा दस्ता लांब, कुण्या उंच साहेबाने विलायतेहून मुद्दाम करून आणलेला. दुसरीचा आखूड.

श्रावणने लांबवाली उभ्यानेच खांद्याला लावली. दारापर्यंत आलेला माणूस शेवटी घरात शिरून आपल्या खाटेवर टेकावा, तशी ती त्याच्या खांद्यात जाऊन बसली. ते लांब हात, जे जिनिंगात, चहाच्या कपाशी, शर्टाच्या बाहीत सगळीकडे जास्तीचे वाटत, ते पहिल्यांदा कुठेतरी पुरले.

"वाह," शेठ म्हणाले. "ये तो आपही के लिए बनी है. लेटके देखिए."

श्रावण दरीवर गुडघे टेकून पालथा झाला. कोपरं रोवली. गाल लावला. आणि उबळ आली. नेहमीची नव्हती ती. बंदूक त्याच्या हातातून बाजूला कलली, कपाळ दरीला टेकलं, पाठ धनुष्यासारखी वर आली आणि त्या एवढ्या मोठ्या देहातून सुतासारखा बारीक आवाज येऊ लागला. मास्तरांनी आणि शेठनी मिळून त्याला उचलून भिंतीशी बसवलं. शेठनी पाणी मागवलं. दुकानात काडतुसं घ्यायला आलेला एक जाडजूड मालगुजार उगाच छताकडे बघत राहिला.

पाणी प्यायल्यावर श्रावणने ओठ पुसले आणि जणू काही झालंच नाही अशा सुरात म्हणाला, "मास्तर, तुमी निजा."

"मी?"

"मंग शेठले निजवू का? मले बाजूनं पाह्यलं पायजे, बंदूक कशी बसते ते. निजा."

त्या दिवशी मास्तरांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मालगुजार पाहत होता. तरी ते निजले, कारण या माणसासाठी ते त्या वेळी विहिरीतही उतरले असते. श्रावण भिंतीशी बसल्या बसल्या सरकत जवळ आला आणि त्यांची कोपरं पकडून इकडची तिकडे करू लागला.

"पाय फाका. आनखी. लाजू नोका, इथी तुमाले कोनी पोरगी दाखवून नाई राह्यलं. गाल चिकटवा. बायकोच्या गालाले चिकटवता तसा."

"श्रावणजी!"

"बरं, पोथीले चिकटवा. पन चिकटवा."

लांब दस्त्याची बंदूक मास्तरांना झेपेना. बाभळीच्या शेंगेला तोंड पोचवणाऱ्या बकरीसारखी त्यांची मान ताणली. बोट कसंबसं चापाला टेकलं. श्रावणने कानामागची विडी काढून नळीवर आडवी ठेवली. "बंदूक खाली हाये, आत गोळी नाई. ओढा चाप. विडी पडली तं कान उपटीन."

चाप ओढला. विडी पडली.

मग आखूड दस्त्याची दिली. मास्तरांनी गाल लावला, आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, की कुठे काही ताणलं नाही, टोचलं नाही. समोर दाराच्या चौकटीत, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर नळीवरच्या नेमाच्या माशीच्या टोकावर येऊन गुमान बसलं. विडी नळीवर ठेवली गेली. चाप ओढला. विडी हलली नाही. पुन्हा ओढायला लावला. तिसऱ्यांदा लावला. विडी झोपलेल्या मांजरासारखी पडून होती.

"दम सोडून मंग ओढता का भरून?" श्रावणने विचारलं.

"अर्धा सोडून. धागा ओढतो तसा."

"हूं," एवढंच श्रावण म्हणाला.

मास्तर धोतर झटकत उभे राहिले. श्रावण भिंतीचा आधार घेत उठला आणि त्याने पुन्हा लांबवाली बंदूक उचलली. खांद्याला लावली, तोंड दाराकडे केलं, आणि श्वास धरला. शेठ दाढीवरचा हात तसाच ठेवून थांबले. नळी एक केसभरही हलत नव्हती. तो काय पाहत होता कुणास ठाऊक. त्या दिशेला सदरचा रस्ता होता, एक टांगा उभा होता, टांग्याचा घोडा माशा हाकलत होता. कितीतरी वेळ तो माणूस खोकला नाही. मास्तरांना वाटलं, डॉक्टर चुकले. चुकतात, डॉक्टरही चुकतात.

श्रावणने बंदूक खाली घेतली, खिशातल्या चिंधीने आपल्या बोटांचे ठसे पुसले आणि दोन्ही हातांनी ती शेठना परत दिली.

"ते दुसरी बांधा," तो म्हणाला.

"छोटी?" शेठ चमकले. "भाईसाहब, आपके हाथ को तो वो..."

"बांधा म्हनलं नं."

शेठनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी श्रावणकडे पाहिलं. तो आधीच दाराबाहेर पडला होता. बंदूक मेणकापडात गुंडाळून, दोरी बांधून मिळेपर्यंत मास्तरांचं डोकं तापलं. एकाच बंदुकीचा परवाना! उन्हाळाभर झिजवलेल्या पायऱ्या! आणि या हट्टी माणसाने स्वतःच्या हाताला मुळीच न बसणारी बंदूक उचलावी? शेठ अजून कपाट लावत होते. अजून बदलून घेता आली असती.

ते बाहेर आले. श्रावण दुकानाच्या पायरीवर बसला होता. विडी ओठात होती, पेटवलेली नव्हती. डॉक्टरांनी बंद केल्यापासून तो तशीच धरून ठेवी. ऊन त्याच्या गुडघ्यांवर पडलं होतं आणि खाकीतून ते गुडघे फार टोकदार दिसत होते.

"श्रावणजी, हे काय केलंत?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात चढे तसा चढला होता. "लांब दस्त्याची तुमच्यासाठीच केल्यासारखी होती. शेठ म्हणाले, मी पाहिलं, त्या मालगुजारानेसुद्धा पाहिलं. ही तुमच्या हाताला आखूड पडते. जानेवारीत मैदानावर झोपाल तेव्हा कोपरं कुठे ठेवाल? आणि डॉक्टरांनी सांगितलंय ना, थंडीपर्यंत ठणठणीत होणार म्हणून? मग ही का घेतली?"

श्रावणने ओठातली विडी काढली.

"थंडीत मी नसन, मास्तर, बंदूक तुमच्या मापानं घेतली."